डोक्याचा मार आणि मनाची धास्ती

31 जानेवारी 2025 रोजी पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामन्यात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. डाव संपल्यावर दुबे क्षेत्ररक्षणाला उतरला नाही. त्याच्या जागी ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’, म्हणजे डोक्याला मार बसलेल्याचा बदली खेळाडू, म्हणून हर्षित राणा आला, त्याने तीन बळी घेतले आणि भारताने सामना 15 धावांनी जिंकला. पुढे वाद रंगला तो एवढ्यावरच, की अष्टपैलू खेळाडूच्या जागी वेगवान गोलंदाज उतरवणे नियमात बसते का. त्याच आठवड्यात शेजारच्या अहिल्यानगरात, वाडिया पार्कवर, महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या चालू होत्या. पृथ्वीराज मोहोळने गदा पटकावली, पण पारापारावर चर्चा झाली ती पंचांच्या निकालाची. खेळात डोक्याला मार बसतो हे कुणाला नवीन नाही. मार बसल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत त्या पोराचे काय होते, हा विषय मात्र सहसा कुणी काढत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ऑगस्ट 2019 पासून त्यासाठी नियम आहे, संघाचा डॉक्टर आहे, बदली खेळाडू आहे. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात किंवा शाळेच्या कबड्डीच्या मैदानावर यातले काही नसते. पोरगा उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि डाव पुढे सुरू होतो.

कुरबुर सुरू होते ती नंतरच्या दिवसांत. डोके दुखते, पुस्तक उघडले की अक्षरे नाचतात, रात्री झोप लागत नाही, वर्गातला गोंगाट सहन होत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते. तोवर सीटी स्कॅन झालेला असतो आणि त्यात काही निघालेले नसते. मग घरचे, शिक्षक आणि कधीकधी डॉक्टरही एकच प्रश्न विचारतात: याला खरोखर काही झाले आहे, की हे मनाचे खेळ आहेत? गेल्या दहा-बारा वर्षांतले संशोधन पाहिले तर हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे, असे म्हणावे लागते. तेरा ते पंचवीस या वयात डोक्याचा मार आणि मनातली चिंता एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की एकीला सोडून दुसऱ्याचा इलाज पुरा होत नाही. म्हणून डोक्याला मार बसलेल्या प्रत्येक मुलाच्या तपासणीत त्याच्या चिंतेची विचारपूस पहिल्यापासून असली पाहिजे. ती सगळे तपास संपल्यावर, हात टेकून, शेवटचा पर्याय म्हणून करण्याची गोष्ट नव्हे.

आधी मेंदूत काय होते ते पाहू. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. कुस्तीत ढाक डावावर उचललेला मल्ल मानेवर आदळतो, पकड करताना चढाईपटूचा गुडघा कानशिलावर बसतो, मोटारसायकल घसरून डोके रस्त्याला लागते. या सगळ्यांत डोके एकदम थांबते किंवा गर्रकन फिरते आणि आतल्या मेंदूला हिसका बसतो. चेतातंतू ताणले जातात. पेशींमधले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. ही उलथापालथ निस्तरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. कन्कशन म्हणतात ते हे. त्यासाठी शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेकांची हरपत नाही. सीटी स्कॅनमध्ये हाड मोडल्याचे आणि रक्तस्राव झाल्याचे दिसते, पण पेशींच्या पातळीवरची ही ओढाताण दिसत नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला याचा अर्थ जिवावरचे संकट टळले, एवढाच. त्या एका शब्दावरून घरात दोन टोकांचे निष्कर्ष निघतात. कुणी म्हणते, काही झालेले नाही, अभ्यास टाळायला नाटके करतो. कुणी म्हणते, मेंदूचा मामला आहे, तीन महिने अंथरुणातून उठू देऊ नका. वरवर ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण मुलाच्या मनातली धास्ती दोन्हींनी वाढते.

चिंतेचा संबंध इथे कसा येतो, हे कळण्यासाठी कन्कशनच्या तपासणीचा कागदच जवळून पाहावा. तेरा वर्षांपुढच्या खेळाडूंसाठी जगभर ‘स्कॅट’ नावाची तपासणी वापरतात. तिच्यात 22 लक्षणांची यादी असते आणि प्रत्येकाला शून्य ते सहा गुण द्यायचे असतात. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास यांच्या रांगेतच चिडचिड, उदासी, भावनाविवशता आणि ‘घाबरल्यासारखे किंवा चिंता वाटणे’ हीही लक्षणे छापलेली आहेत. झोप न लागणे, लक्ष न लागणे, थकवा ही तर दोन्हीकडची. म्हणजे ज्या मुलाला बारावीच्या परीक्षेची धास्ती आहे, त्याला डोक्याला मार न बसताही या यादीत बरेच गुण मिळतील. अमेरिकेतल्या मेन राज्यात सुमारे 32 हजार शालेय खेळाडूंची हंगामाआधी, म्हणजे कन्कशन झालेले नसताना, तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. 19 टक्के मुलांनी आणि 28 टक्के मुलींनी इतकी लक्षणे सांगितली, की ती कन्कशननंतरच्या दीर्घ त्रासाच्या व्याख्येत बसावीत. ज्यांना आधीपासून मानसिक त्रास होता त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त होते. यावरून ही मुले खोटे बोलतात असे ठरत नाही. मार बसण्याआधी त्या मुलाचे नेहमीचे कसे चालले होते, हे विचारल्याशिवाय नंतरच्या लक्षणांचा अर्थ लागत नाही, एवढे मात्र ठरते.

आता उलटी बाजू. कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत 5 ते 18 वयोगटातल्या तीन हजारांवर कन्कशनग्रस्त मुलांचा पाठपुरावा झाला. त्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांचा त्रास चार आठवड्यांनंतरही टिकून होता. हा धोका मुलींमध्ये, तेरा वर्षांपुढच्या वयात, अर्धशिशी असलेल्यांमध्ये आणि आधीच्या कन्कशनचा त्रास आठवड्याहून जास्त टिकलेल्यांमध्ये अधिक आढळला. इतर अभ्यासांत आधीचे मानसिक त्रासही बरे होणे लांबवणाऱ्या कारणांत मोडतात. पण ज्याला आधी चिंतेचा त्रास नव्हता त्याचे काय? ऑन्टारिओ प्रांतातल्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दीड लाख कन्कशनग्रस्त मुलांची तुलना हाडा-सांध्यांना इजा झालेल्या सुमारे तीन लाख मुलांशी केली होती. ही तुलना महत्त्वाची आहे. हात मोडलेला मुलगाही घाबरतो, शाळा बुडवतो, मैदानाला मुकतो. तरीही पुढच्या काळात मानसिक आरोग्याच्या तक्रारी उद्भवण्याचा धोका कन्कशनच्या गटात सुमारे 40 टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे चिंता मार बसण्याआधीही असू शकते आणि मारानंतर नव्याने उगवूही शकते. दोन्ही मुले त्याच रांगेत, तीच तक्रार घेऊन डॉक्टरपुढे बसलेली असतात.

चिंता लक्षणे लांबवते ती कशी, हे समजायला अवघड नाही. डोके दुखते आहे का, हे दर तासाला तपासणाऱ्याला ते दुखताना सापडतेच. मैदानावर गेलो तर पुन्हा चक्कर येईल, म्हणून तो घरी बसतो. बसून बसून अंगातला दम जातो, आणि मग दोन जिने चढले तरी छातीत धडधडते. ती धडधड त्याला मेंदूच्या आजाराची खूण वाटते. रात्री झोप लागत नाही म्हणून सकाळी डोके जड, आणि डोके जड म्हणून पुन्हा काळजी. त्यात या वयाची आपली ओझी असतात. एनसीईआरटीने 2022 मध्ये देशभरातल्या पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात आणखी काही गोष्टी येतात. तालमीत राहणाऱ्या मुलाच्या खुराकावर बापाने महिन्यामागून महिने पैसे घातलेले असतात. पोलीस भरती किंवा अग्निवीरची तयारी करणाऱ्याचे वय निघून चाललेले असते. अशा मुलाला ‘महिनाभर थांब’ म्हटले, तर त्याला ऐकू येते ते ‘तुझे संपले’ असेच. म्हणून तो एक तर त्रास लपवतो, नाही तर त्याच त्रासाचा विचार दिवसभर करत राहतो.

सक्तीची विश्रांती हा यावरचा जुना तोडगा. तो कितपत उपयोगी आहे, हे तपासले गेले आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये 11 ते 22 वयाच्या रुग्णांच्या एका गटाला पाच दिवसांची कडक विश्रांती सांगितली, तर दुसऱ्याला नेहमीप्रमाणे एक-दोन दिवसांची. 2015 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा कडक विश्रांती घेतलेल्यांनी जास्त लक्षणे नोंदवली होती आणि ती ओसरायलाही जास्त वेळ लागला होता. 2019 च्या दुसऱ्या एका प्रयोगात 13 ते 18 वयाच्या खेळाडूंना लक्षणे फार वाढणार नाहीत इतपतच चालणे, सायकल असा व्यायाम लवकर सुरू करून दिला. ते साधारण 13 दिवसांत बरे झाले; नुसते अंग ताणण्याचे व्यायाम केलेल्यांना 17 दिवस लागले. मोबाइलच्या बाबतीत मात्र सुरुवातीचा संयम उपयोगी पडतो. 12 ते 25 वयोगटात पहिले 48 तास पडद्यापासून दूर राहिलेल्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत ओसरला, न राहिलेल्यांना आठ दिवस लागले. या साऱ्याचे सार 2022 च्या अॅमस्टरडॅम कन्कशन परिषदेच्या सल्ल्यात आले आहे: पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हळूहळू चालणे-फिरणे आणि अभ्यास. त्रास दहापैकी दोन गुणांहून जास्त वाढला नाही आणि तासाभरात ओसरला, तर तो चालवून घ्यायचा. हा शेवटचा नियम चिंताग्रस्त मुलासाठी फार मोलाचा आहे. डोके थोडे दुखले म्हणजे मेंदूला नवी इजा झाली असे नव्हे, हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून पटते.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप रास्त आहे. डोक्याच्या मारात ‘मन’ आणले की लोकांना दुर्लक्षाचा परवाना मिळेल. हा धोका काल्पनिक नाही, त्याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या स्फोटानंतर सैनिकांना कंप, डोकेदुखी, विस्मरण असा त्रास होऊ लागला. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 1915 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याला ‘शेल शॉक’ म्हटले. हा मेंदूला बसलेला धक्का की मनाचा, याचा फैसला करायला ब्रिटिश सैन्याने दोन शिक्के तयार केले: शत्रूच्या माऱ्याशी थेट संबंध दिसला तर जखमी, नाही तर आजारी. पहिल्याला मान आणि निवृत्तिवेतनाचा हक्क, दुसऱ्याच्या वाट्याला संशय. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या अहिल्यानगरात या गोष्टीचे मर्म वेगळे सांगायला नको. ब्रिटिश सैन्याची चूक झाली ती मनाचा विचार केल्याने नव्हे. दोन्हींपैकी एकच कारण असले पाहिजे आणि त्यातले एकच खरे दुखणे, या हट्टाने सैनिकांचे नुकसान झाले. चिंता हे दुखणे खरे मानले, की ‘मनाचे आहे’ या वाक्यातला हिणवण्याचा सूर आपोआप जातो. मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळायला हवी. मार बसल्यानंतरच्या पहिल्या तासांत कासावीस झालेल्या मुलाला ‘घाबरलाय बिचारा’ म्हणून घरी नेणे जिवावर बेतू शकते. वाढत जाणारी अस्वस्थता, वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, फिट, दोन-दोन दिसणे, हातापायाला मुंग्या किंवा कमजोरी, मान दुखणे, गुंगी यांतले काहीही दिसले, तर तडक मोठे रुग्णालय गाठायचे. तिथे पहिला विचार मेंदूचाच. चिंतेबद्दल बोलायचे ते हा धोका टळल्यावर.

दुसरा आक्षेप तालमीतून येतो: भीतीची विचारपूस केली की पोरे हळवी होतात, आणि हळव्या पोराची कुस्ती होत नाही. यात तथ्य असते, तर भीतीबद्दल मोकळे बोलणाऱ्या मुलांचा त्रास वाढायला हवा होता. सिएटलमध्ये 11 ते 17 वयाच्या, महिन्याहून जास्त काळ त्रास असलेल्या 49 मुलांवर केलेल्या प्रयोगात उलट दिसले. विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारे समुपदेशन, शाळा आणि डॉक्टर यांच्यात दुवा ठेवणारा माणूस आणि गरज पडल्यास औषधे, असा इलाज एका गटाला मिळाला, दुसऱ्याला नेहमीचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या 13 टक्के मुलांची लक्षणे तीव्र राहिली होती, दुसऱ्यातल्या 42 टक्क्यांची. गट लहान होता हे खरे, पण दिशा स्पष्ट आहे. शिवाय वस्तादाच्या दृष्टीनेही हिशेब उलटाच पडतो. बोलायची सोय नसलेला मल्ल त्रास लपवून मातीत उतरतो आणि आधीचा हादरा जिरायच्या आत दुसरा मार बसला, तर दुखणे लांबते. क्वचित मेंदूला सूज येऊन प्राणावरही बेतते. आज कुस्ती थांबवून हलक्या कसरतीपुरता ठेवलेला पोरगा पुढचा हंगाम खेळतो. त्याला हे वस्तादानेच सांगितले, तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा लवकर पटते.

तिसरा आक्षेप साधनांचा. क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा राज्यातला सर्वात मोठा जिल्हा: 17 हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. लोणी आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, शहरात जिल्हा रुग्णालय आहे. पण अकोले तालुक्यातल्या डोंगरातून किंवा पाथर्डीच्या वाडीवरून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. त्यात पोरगा ‘वेड्याच्या डॉक्टर’कडे गेला ही कुजबुज वेगळीच. मात्र इथे सुचवलेल्या गोष्टींतल्या बहुतेकींना तज्ज्ञ लागत नाही. दोन दिवसांनी हालचाल सुरू करा हे सांगायला, आठवडाभर अर्धा दिवस शाळा द्यायला, लेखी काम कमी करायला, शेवटच्या बाकावरून शांत जागी बसवायला खर्च येत नाही. ज्यांना त्याहून जास्त मदत लागते, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे; त्यावर मराठीत बोलता येते आणि शेजाऱ्यांना कळायचे कारण नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असे निर्देश दिले आहेत. ही नेमणूक कागदावर राहू नये याचा आग्रह पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत धरायला हवा.

डोक्याच्या माराचे हे सगळे आकडे परदेशांतले, आइस हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या देशांतल्या मुलांचे, असेही कुणी म्हणेल. ते बरोबर आहे आणि म्हणून हे टक्के जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यातल्या 13 ते 17 वयोगटात सुमारे 7 टक्के मुलांना मानसिक आजार आढळले होते. तेव्हा ‘आमच्याकडे हे प्रश्न नसतात’ असे म्हणायला आधार नाही. चेतातंतू ताणले जाणे आणि झोप उडणे या गोष्टी देशागणिक बदलत नाहीत. फरक पडतो तो मार कुठे बसतो यात. इथे मैदानाइतकाच रस्ता कारणीभूत असतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणारी, हेल्मेट आरशाला अडकवलेली तरणी पोरे दुचाकीवरून पडतात. त्यांच्या बाजूला प्रशिक्षक नसतो, संघ नसतो, आणि अपघाताची भीती रस्त्यावर दर खेपेला पुन्हा जागी होते. आपल्याकडे चिंतेकडे लक्ष देण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

बदल कुठून सुरू करायचा, याचे उत्तर साधे आहे: डोक्याच्या मारानंतर मुलाला घरी सोडताना जो कागद हातात मिळतो, तिथून. आज त्यावर बहुधा सीटीचा निष्कर्ष आणि वेदनाशामक गोळीचे नाव असते. त्याखाली आणखी चार ओळी मराठीत असाव्यात. कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यायचे. दोन दिवसांनंतर काय काय सुरू करायचे आणि कुस्ती-कबड्डी मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत का नाही. बहुतेकांचा त्रास महिनाभरात जातो, हे स्पष्ट शब्दांत. आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायची तारीख. त्या दुसऱ्या भेटीत डोके दुखते का, हे विचारून झाल्यावर डॉक्टरांनी आईवडिलांना दोन मिनिटे बाहेर बसवावे आणि मुलाला किंवा मुलीला विचारावे: झोप लागते का, मार बसायच्या आधी कशाची काळजी होती, आता कशाची भीती वाटते? यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे उद्यापासून करता येईल.